गेटवरच्या अडतीस फ्रेम : बीएमएक्स सरावाची नोंद, अकरावा रविवार

आजचा आकडा आधी सांगते, कारण मागच्या वेळी शेवटी लिहिला तर दोघांनी तेवढाच वाचला होता. गेट (सुरुवातीच्या उताराच्या माथ्यावर चाकं अडवून धरणारी आडवी फळी) पडायला लागल्यापासून माझं पुढचं चाक हलेपर्यंत 38 फ्रेम. पहिल्या रविवारी 61 होत्या. लेक मोबाइल धरते, सेकंदाला 240 फ्रेमवर, आणि रात्री जेवणं झाली की मी एकेक फ्रेम पुढे सरकवत बसते. म्हणजे तेव्हा पाव सेकंद नुसती उभी होते, आता साधारण 0.16 वर आलेय. हा दिवसातला सगळ्यात चांगला स्टार्ट, बरं का. सगळ्यात वाईट 52 चा निघाला, त्याचं पुढे सांगतेच.

नवीन आलेल्यांसाठी : मी पूर्व लंडनमध्ये, स्ट्रॅटफर्डच्या ली व्हॅली ट्रॅकवर बीएमएक्स, म्हणजे छोट्या सायकलींची उंचवटे-वळणांवरची शर्यत, शिकतेय. 2012च्या ऑलिंपिकचा ट्रॅक नंतर सोपा करून सगळ्यांसाठी खुला केला, तोच हा. वय त्रेचाळीस. सांगलीत नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारलेली, एवढीच पूर्वपुण्याई.

गेटवरचं माझं दुखणं असं की मी हिरव्या दिव्याची वाट बघते. गेटचा आवाज म्हणतो, ‘रायडर्स रेडी, वॉच द गेट’. मग शांतता. ती किती वेळ, हे कुणालाच ठाऊक नसतं, 0.1 सेकंदापासून 2.7 सेकंदांपर्यंत काहीही. त्यानंतर चार टिकटिक, लाल, पिवळा, पिवळा, हिरवा, आणि चौथ्याला गेट पडतं. मुरलेले रायडर पहिल्या टिकेलाच अंग सोडतात. कमर आधी जराशी मागे, मग झटक्यात हँडलकडे. तोवर गेट खाली गेलेलं असतं. मी मात्र सिग्नलला उभ्या रिक्षावाल्यासारखी हिरव्याकडे डोळे लावून. (चूक झाली, रिक्षावाला कधीच निघालेला असतो.)

हे डोक्यात शिरलं ते बेथनी श्रायव्हरमुळे. ती इथलीच, लेटनस्टोनची. माझ्या घरापासून बसने फार लांब नाही, म्हणून उगाच आपली वाटते. 2017 मध्ये ज्युनियर जगज्जेती झाली. पण तोवर ब्रिटनमध्ये ठरलं होतं की टोकियोच्या तयारीचा पैसा बीएमएक्सच्या फक्त पुरुषांना. मग ती आईवडिलांकडे परत आली, शाळेत अर्धवेळ मदतनीस म्हणून काम धरलं आणि ऑलिंपिक पात्रतेच्या शर्यतींसाठी लोकांकडून 50,000 पौंड गोळा करायला निघाली. पुढे राष्ट्रीय संघात परत घेतलं, पण मधली वर्षं दिवसा शाळा आणि उरलेल्या वेळात गेट. मला तिच्या पदकापेक्षा हे जास्त भिडतं. सकाळी मुलांची दप्तरं सांभाळून संध्याकाळी गेटवर उभं राहणं म्हणजे काय, ते निदान अर्धं मला कळतं.

30 जुलै 2021, टोकियो. सेमीफायनलच्या तिन्ही फेऱ्या जिंकल्या. फायनल एकच, दुसरी संधी नाही. गेट पडलं आणि ती पुढे, शेवटपर्यंत पुढे. मागे कोलंबियाची मारियाना पाहोन, लंडन आणि रिओ दोन्हीकडचं सुवर्ण घेतलेली. शेवटच्या सरळ पट्ट्यात ती अक्षरशः मानगुटीवर होती. अंतर 0.09 सेकंद. माझ्या मोबाइलच्या हिशेबात साधारण 22 फ्रेम! पहिल्या रविवारी मी त्याच्या जवळजवळ तिप्पट वेळ गेटवरच उधळत होते. रेषा ओलांडल्यावर बेथनीच्या पायांत त्राणच उरलं नव्हतं. काई व्हाइटने, लंडनमधल्याच पेकहॅमच्या पोऱ्याने, तिला सरळ उचललं. त्याने स्वतः काही मिनिटांपूर्वी पुरुषांच्या फायनलला रौप्य घेतलं होतं.

पॅरिसची फायनल मी जास्त वेळा बघितलीय. 2023 ला ग्लासगोत पुन्हा जगज्जेती, 2024 च्या वसंतात गळपट्टीचं हाड मोडलेलं, तरी ऑलिंपिकच्या सेमीच्या तिन्ही फेऱ्या पुन्हा तिच्याच. आणि फायनलला आठवी. आठांत आठवी. पहिल्या वळणापर्यंत मागे पडली की पुढे सात जणी आणि चिंचोळी वाट, मग ताकद असून उपयोग नसतो. सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या साया साकाकिबाराला. तिच्या भावाला, काईला, 2020 मध्ये शर्यतीत पडून मेंदूला जबर इजा झाली, ती स्वतः टोकियोच्या सेमीत पडली होती, आणि ती भावाचा 77 नंबर लावून धावते. आता सांगा, कुणाच्या बाजूने ओरडायचं? मी दोघींच्याही ओरडले.

तर माझा 52 चा स्टार्ट. शेजारच्या लेनमध्ये दहाएक वर्षांचा मुलगा होता. पहिल्या टिकेला तो हलला, त्याला बघून मी हलले. म्हणजे कानाऐवजी पुन्हा डोळेच. लेक म्हणाली, ‘‘आई, तू त्याची कॉपी करत होतीस.’’ फ्रेममध्ये दिसतंसुद्धा, माझी मान चक्क डावीकडे वळलीय.

म्हणून शेवटचे सहा स्टार्ट डोळे मिटून घेतले. फक्त उतारापर्यंत, लगेच उघडले, घाबरू नका. तिसऱ्यांदा फारच लवकर सुटले, चाक गेटवर आपटलं आणि मी बाजूला कलंडले. नडगीवर पेडलच्या खिळ्यांची रांगोळी उमटलीय. पाचव्याला 38.

अजून एक बारीक गोष्ट सापडली. मी क्रँक (पेडल जोडलेला दांडा) आडवा धरत होते. पुढचा पाय जरासा वर, अंदाजे घड्याळातल्या दोनवर ठेवला तर पहिला दाब पूर्ण लागतो. कोच पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता म्हणे. पुढच्या रविवारी पाऊस नसला तर दहा स्टार्ट, सगळे डावा पाय पुढे ठेवून, आणि लेन एकदम कडेची, जिथून तो पोरगा दिसणार नाही.