१०६४ वरून ५३२ करताना हिरवा कमी का पडतो

एनडी-याग लेसरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण केटीपी स्फटिकातून नेला की ५३२ चा हिरवा निघतो. कागदावर एवढंच. खरी कसरत स्फटिकात दोन्ही किरणांचं फेज, म्हणजे लाटांची लय, जुळवण्याची. ते जुळलं नाही तर पुढे तयार झालेला हिरवा मागच्या हिरव्याला खोडतो.

यासाठी केटीपी साधारण थीटा ९०, फाय २३.५ अंशांवर (स्फटिकाच्या अक्षांपासून मोजलेले कोन) कापलेला मिळतो. किरणाचं ध्रुवीकरण, म्हणजे लाटेच्या कंपनाची दिशा, स्फटिकाच्या अक्षांशी ४५ अंशांत हवं, म्हणून आधी ही दिशा वळवणारी हाफ-वेव्ह प्लेट फिरवा, मग स्फटिकाचा कोन, अगदी सावकाश. लेन्सला हात शेवटी. रूपांतर कमी असेपर्यंत १०६४ ची तीव्रता दुप्पट केली की हिरवा चौपट होतो. त्या मोहात फोकस फार बारीक केला तर पृष्ठभागावरचा लेप जळतो, नाहीतर केटीपीत राखाडी रेघ उमटते.

मे महिन्यात नांदेड-परभणीकडे पारा चाळिशीपार. एसी बंद पडला की सकाळी जुळवलेला कोन दुपारी सरकतो. तिथे एलबीओ हा दुसरा स्फटिक बरा: ओव्हनमध्ये सुमारे १४९ अंश सेल्सिअसला कोनाची कटकट जवळपास संपते. पण तो हळूहळूच तापवा-निववा, झटक्याने तडकतो. आपल्याकडची लाईट पाहता ओव्हन यूपीएसवरच हवा. केडीपी हा तिसरा स्फटिक मात्र पावसाळ्यात उघडा ठेवूच नका, ओल धरून धुरकटतो.

मोजमापाआधी उरलेला १०६४ डायक्रोइक आरशाने (एक रंग परतवून दुसरा पार जाऊ देणाऱ्या) वेगळा काढा, नाहीतर पॉवर मीटर फुगीर आकडा दाखवतो. गॉगल दोन्ही तरंगलांबींचा घ्या. डोळ्यांना न दिसणारा किरणच जास्त घातकी.