तुम्ही विचारलंत म्हणून: मस्टर्ड गॅसमध्ये मोहरी असते का?

रसायनशास्त्र शिकवायला लागल्यापासून गंधकाचा धडा निघाला की हा प्रश्न येतोच. परवा तर प्रवासात शेजारी बसलेल्या काकांनीही विचारला.

नाही, मोहरी नसते. खरं म्हणजे युद्धात वापरलेलं हे विष गॅसही नसतं. पिवळसर-तपकिरी, तेलकट असा द्रव असतो, गंधक आणि क्लोरीन पोटात असलेला. पुरता शुद्ध नसला की मोहरीसारखा, कुणाला लसणासारखा वास येतो, तेवढ्यावरून नाव पडलं. फ्रेंचांनी त्याला 'इपेरिट' म्हटलं, कारण जुलै १९१७ मध्ये जर्मन तोफांनी तो पहिल्यांदा डागला तो बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ.

त्याच्या दोन वर्षं आधी त्याच परिसरात क्लोरीन सोडला होता. क्लोरीन निदान लपत नाही. घसा लगेच जळतो, माणूस पळतो, तोंडाला मास्क लावतो. मस्टर्ड लागला तरी काहीच होत नाही. सैनिकांना जेमतेम वास आला, कुणाला शिंका आल्या, आणि पुष्कळजण तसेच झोपले. काही तासांनी डोळे सुजून मिटले, काखा-जांघांत कातडी लाल झाली आणि मग टरारून फोड आले. मास्कने फुप्फुसं वाचली तरी कपड्यांतून मुरलेलं विष अंगाला लागायचंच. जखमींचे कपडे उतरवणाऱ्या परिचारिकांनाही ते लागलं.

हा उशीर कशामुळे? ते स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतं, म्हणून काही मिनिटांतच कातडीत शिरतं आणि पेशींच्या डीएनएला चिकटतं. पेशी मरायला मात्र वेळ लागतो. म्हणजे दुखायला लागेपर्यंत धुण्यापुसण्याची वेळ टळून गेलेली असते. उतारा आजही नाही. साधारण १४ अंश सेल्सिअसखाली ते गोठतं. थंडीत ते चिखलात पडून राहायचं, बुटांना चिकटून खंदकाच्या ऊबदार कोठडीत जायचं आणि तिथे त्याची वाफ व्हायची. पहिल्या महायुद्धात ते लागलेल्यांपैकी शेकडा दोन-तीनच मेले, हा आकडा सांगितला की लोकांना हायसं वाटतं. मला नाही वाटत. बाकीचे महिनोन्‌महिने अंथरुणात होते, आणि तोच तर वापरणाऱ्यांचा हेतू होता.

१९२५ च्या जिनिव्हा करारानं वापरावर बंदी आली, साठ्यांवर नाही. त्यामुळे डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतल्या बारी बंदरात जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले तेव्हा 'जॉन हार्वी' या अमेरिकन जहाजावर सुमारे २,००० मस्टर्ड बॉम्ब गुपचूप ठेवलेले होते. माहीत असलेले लोक जहाजाबरोबरच गेले. पाण्यातून काढलेल्या खलाशांच्या अंगावर तेल होतं, आणि त्या तेलात मस्टर्ड. डॉक्टरांना कल्पना नव्हती. धडधाकट दिसणाऱ्यांना ओल्या कपड्यांवरच घोंगड्या गुंडाळल्या, गरम चहा दिला. ६०० हून जास्त जण आजारी पडले, ८० हून जास्त दगावले. गुप्ततेपायी किती जण गेले, याचा हिशेब कोणी द्यायचा?

तपासाला आलेल्या स्ट्युअर्ट अलेक्झांडर या डॉक्टरला मृतांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी भलत्याच घटलेल्या दिसल्या. इथे हमखास दुसरा प्रश्न येतो: "म्हणजे कॅन्सरचं औषध यातूनच निघालं ना?" जवळजवळ. औषध झालं ते त्याचं भावंड, गंधकाऐवजी नायट्रोजन असलेलं. येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी १९४२ मध्येच, म्हणजे बारीच्या आधी, लिम्फोमाच्या, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरच्या, एका रुग्णाला ते दिलं होतं. गाठी विरघळल्या, पुढे पुन्हा आल्या, रुग्ण वाचला नाही. 'विषाचं अमृत झालं' असं कुणी म्हणालं की मी एवढंच सांगते: ते औषध शिरेतून देताना नर्स सुईवरची नजर हटवत नाहीत. थेंबभर जरी शिरेबाहेर झिरपलं, तरी तिथे फोड येतो.