विमानतळ ते विमानतळ: अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढण्याचा माझा अनुभव

अंतर काढताना मी नकाशावर पट्टी ठेवत नाही. भिंतीवरच्या सपाट नकाशात ध्रुवांकडचा भाग ताणलेला असतो, त्यामुळे तिथली सरळ रेघ हा जवळचा रस्ता नसतो. लागतात ते फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश. सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जेएफके घेऊ. चांगी 1.36 उत्तर, 103.99 पूर्व, जेएफके 40.64 उत्तर, 73.78 पश्चिम.

बहुतेक चुका इथेच होतात. पश्चिम रेखांश उणे लिहायचा. ते चिन्ह राहिलं तर रेखांशांतला फरक 177.77 ऐवजी 30.21 अंश धरला जातो आणि उत्तर येतं 5,320 किलोमीटर. आकडा इतका साधा दिसतो की सहज खपून जातो. दुसरी गफलत कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा). 40 अंश 38 कला म्हणजे 40.38 नव्हे, 38 ला 60 ने भागायचं, मग 40.63 येतात आणि विकला धरल्या की 40.64. हे चुकलं तर या मार्गावर जवळपास 29 किलोमीटरचा फरक पडतो. शिवाय एक्सेलला कोन रेडियन या एककात लागतो, अंशांत दिला तर काहीही उत्तर येतं.

आता गणित. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करायचा. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार त्यात मिळवायचा. इथे बेरीज येते उणे 0.7426. तिचा व्यस्त कोसाइन 137.95 अंश. एका अंशाला 111.19 किलोमीटर, म्हणजे सुमारे 15,340 किलोमीटर. पृथ्वी पूर्ण गोल नाही, म्हणून अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक मान्य करायचा.

हा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग उत्तर ध्रुवापासून 300 किलोमीटरच्या आतून जातो. प्रत्यक्षात विमान तिथूनच जाईल असं नाही. वारा, बंद हवाई हद्द, अडचणीत उतरायला जवळ विमानतळ हवा हा नियम, असं बरंच काही मध्ये येतं. 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेरा तासांच्या आसपास गेला. विमानतळ तेच, अंतरही तेच.

वेळेसाठी मी ताशी 900 किलोमीटर वेग धरतो: 15,340 भागिले 900, म्हणजे 17 तास. त्यात गेटपासून धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण आणि उतरण यांचा अर्धा ते पाऊण तास मिळवतो. वाऱ्याचा हिशेब वेगळा. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणूनच लंडनहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते आणि तीत थोडी राखीव मिनिटंही धरलेली असतात.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहराच्या स्थानिक असतात, म्हणून तिकिटावरून वेळ काढताना दोन्ही आधी यूटीसीत, म्हणजे जगभर एकच धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत आणायच्या. समजा 10 जानेवारीला चांगीहून 00:05 ला निघून विमान त्याच तारखेला 05:55 ला जेएफकेला पोहोचतं. वजाबाकी येते 5 तास 50 मिनिटं. यूटीसीत मात्र निघण्याची वेळ 9 तारखेची 16:05 आणि पोहोचण्याची 10 तारखेची 10:55, म्हणजे 18 तास 50 मिनिटं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा दोन शहरांतला फरक 13 ऐवजी 12 तासांचा धरायचा.