पांझरा-३: तेरा उड्डाणं पश्चिमेलाच का पडली

पांझरा-३ हे माझं बाटलीचं रॉकेट, दाबाखालच्या हवेने पाणी मागे फेकून उडणारं. त्याचं चौदावं उड्डाण सरळ गेलं. रॉकेट लाँचरपासून अकरा पावलांवर पडलं. आधीची तेरा उड्डाणं पश्चिमेच्या कांद्याच्या वावरातून साठ-सत्तर पावलं चालत जाऊन गोळा केली होती, म्हणून ही अकरा पावलं मी दोनदा मोजली.

मागच्या नोंदीत मी पांझरा-३ अस्थिर आहे असं ठामपणे लिहिलं होतं. ते चुकीचं होतं. रेल (सुरुवातीला रॉकेटला सरळ धरणारा दांडा) सोडताच रॉकेट कलायचं, म्हणजे गुरुत्वमध्य (जिथे रॉकेटचा तोल साधतो तो बिंदू) फार मागे असणार असं धरून मी नाकात शाडूची माती वाढवत गेलो, ४० ग्रॅमपासून १२० ग्रॅमपर्यंत. सनपॅकचे (पोकळ प्लास्टिक शीटचे) पंखही दोनदा मोठे केले. दर वेळी ते आधीपेक्षा जास्त कललं. दोरीला बांधून गरगर फिरवायच्या चाचणीत मात्र ते नेहमीच झोकात पास व्हायचं. त्या चाचणीतून रॉकेट स्थिर आहे की नाही एवढंच कळतं, गरजेपेक्षा किती जास्त स्थिर आहे ते कळत नाही. इथेच माझे दोन महिने गेले.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी शेजारच्या वावरातले आबा बांधावर उभे राहून उड्डाण बघत होते. ते म्हणाले, "भो, तुन्हं राकेट वारामां तोंड घालस." फवारणी करणारा माणूस आधी वारा कुठून येतो ते बघतो. माझ्या वहीत दाब होता, पाणी होतं, वेळ होती, वाऱ्याचा रकानाच नव्हता. आमच्याकडे या दिवसांत दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलला पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत.

घरी येऊन बॅरोमनच्या १९६६ च्या पद्धतीने दाबमध्याचा, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो त्या बिंदूचा, पुन्हा हिशोब मांडला. गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, नाकाकडे असेल तर रॉकेट स्थिर. बाटलीचा घेर दोऱ्याने मोजला: ३३ सेंमी, म्हणजे व्यास साडेदहा. नाकाच्या टोकापासून गुरुत्वमध्य ३४ सेंमीवर आणि दाबमध्य ७१ वर. फरक साडेतीन कॅलिबर, म्हणजे व्यासाच्या साडेतीन पट! एक ते दोन पुरे असताना मी वातकुक्कुटच बांधून ठेवला होता. मोठे पंख वाऱ्याने मागे ढकलले जातात, नाक वाऱ्याकडे वळतं आणि जोर चालू असल्यामुळे रॉकेट त्याच दिशेला पळतं.

दुसरी अर्धी चूक वेगाची होती. मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रीकरण केलं, मागे दर दहा सेंमीला लाल पट्टी असलेला बांबू रोवला. रेल सोडल्यावर ४० सेंमी कापायला ८ फ्रेम लागल्या, म्हणजे सेकंदाला साधारण १२ मीटर. वारा ताशी १८ किमी, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. हवा रॉकेटवर जवळजवळ २३ अंशांतून आदळत होती. आता रेल ३० सेंमीची १ मीटर केली आणि पाणी १ लिटरऐवजी ६०० मिली घातलं. तेच अंतर ५ फ्रेममध्ये कापलं, वेग १९ वर गेला आणि कोन १५ च्या आत आला. पंख कापले, माती ६० ग्रॅमवर आणली: गुरुत्वमध्य ४२, दाबमध्य ६२, फरक १.९ कॅलिबर.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. हे सगळे आकडे रिकाम्या रॉकेटचे आहेत. ६०० मिली पाणी तळाशी असताना गुरुत्वमध्य दाबमध्याच्याही मागे जातो. म्हणजे भरलेलं पांझरा-३ खरोखरच अस्थिर आहे. ६० पीएसआय दाबाला बाटलीच्या पूर्ण उघड्या तोंडातून एवढं पाणी सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात संपतं, आणि लांब रेल जवळजवळ तेवढाच वेळ रॉकेटला धरून ठेवते. तर रेलने नुसता वेग वाढवला नाही, पाणी संपेपर्यंत रॉकेटचा हातही सोडला नाही. पंख आणखी लहान करायचा बेत त्यामुळे रद्द. आधी रेल दीड मीटर करतो.

सामानाबद्दल: लाँचरची गळती थांबवायला ऑनलाइन मागवलेले ओ-रिंग (रबरी कडी) दोनदा चुकीच्या मापाचे आले. शेवटी गावातल्या ठिबकच्या दुकानात टेकऑफचे (नळीच्या जोडाचे) रबरी ग्रोमेट घासून बसवले, एक थेंबही गळत नाही. खान्देशात राहून लाँचर बांधणाऱ्याने आधी ठिबकचं दुकान गाठावं. पंखांना दुहेरी फोम टेप मात्र वापरू नका. बेचाळीस अंशांच्या उन्हात ती लोण्यासारखी सरकते.

उंची: ३० मीटर लांबून बघताना कोन ५२ अंश, म्हणजे जमिनीपासून चाळीसच्या आसपास. पॅराशूट उघडलं नाही, नाक चेपलं. त्यावर नंतर लिहीन.

आता डोक्यात केरळातलं थुंबाचं रॉकेट केंद्र आहे. २१ नोव्हेंबर १९६३ ला तिथून नायकी-अपाची हे अमेरिकी रॉकेट उडालं. अशा दिशादर्शन नसलेल्या रॉकेटांसाठी आधी वारा मोजतात आणि लाँचरचा कल त्यानुसार ठरवतात. मग मी पहाटेच्या शांत हवेची वाट का बघू? रेलच्या बुडाला बिजागरी लावतो, शाळेतला कोनमापक खिळ्याने ठोकतो. रविवारी दुपारी चारला, ऐन वाऱ्यात, पूर्वेकडे तीन अंश कलवून पंधरावं उड्डाण. वहीत वाऱ्याचा रकाना आखून ठेवला आहे, आणि बांबूला फीत बांधायचं काम आबांनी स्वतःकडे घेतलं आहे.