फेरीवाला सर्वेक्षणाची निविदा : माझा अनुभव

आमची संस्था लहान आहे. सर्वेक्षण, मूल्यमापन आणि आकडेवारीचे विश्लेषण एवढेच काम आम्ही करतो. मध्यंतरी एका महानगरपालिकेने फेरीवाला सर्वेक्षणासाठी ई-निविदा काढली आणि आम्ही ती भरली. काम मिळाले, पूर्णही झाले. परंतु निविदेच्या अटींनी दिलेला मनस्ताप अजून मनातून जात नाही.

महाटेंडर्स या राज्य शासनाच्या ई-निविदा पोर्टलवरील नोंदणी, क्लास 3 डिजिटल स्वाक्षरी, निविदा शुल्क यांत काही अडले नाही. अडले ते निविदेच्या मजकुरात. विभागाकडे संशोधनाच्या कामाचा मसुदाच नव्हता, म्हणून रस्त्याच्या कामाची जुनी निविदा घेऊन तिच्यात कामाचे नाव तेवढे बदलले होते. त्यामुळे स्वतःच्या मालकीच्या यंत्रसामग्रीचे प्रतिज्ञापत्र, ठेकेदार म्हणून नोंदणी आणि काम संपल्यानंतरचा दोष दायित्व कालावधी (म्हणजे कामात दोष निघाल्यास तो ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करण्याची मुदत) या अटी सर्वेक्षणालाही लागू झाल्या होत्या. याउलट, फक्त संध्याकाळी किंवा आठवडे बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या विक्रेत्यांची नोंद कशी व्हावी, एकच विक्रेता दोन प्रभागांत मोजला गेला तर पडताळणी कोणी करावी, गोळा केलेली मूळ माहिती कोणाच्या ताब्यात राहावी, याबद्दल एक ओळही नव्हती.

सर्वांत घातक होते ते दरपत्रक. त्यात ‘प्रति फेरीवाला दर’ हा एकच रकाना होता आणि पडताळणी, विश्लेषण, अहवाल हे सारे त्यातच धरले होते. म्हणजे जितक्या नोंदी अधिक तितके देयक मोठे, आणि दुबार नोंद शोधून काढणाऱ्या संस्थेचे मात्र नुकसान. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत विद्यमान विक्रेत्यांना हटवता येत नाही, आणि प्रभाग किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या मर्यादेत त्यांना सामावून घ्यायचे असते. ज्या यादीवर माणसांची रोजीरोटी ठरते ती अशा दरावर तयार व्हावी, हे मला मुळीच पटले नाही.

निविदापूर्व बैठकीत मी हे मांडले. लेखा विभागाचे म्हणणे असे की नगावर दर नसेल तर लेखापरीक्षणात आक्षेप निघेल. संबंधित लिपिकांनी सौजन्याने सांगितले, “सर, नस्ती (फाइल) एकदा मंजूर होऊन आली आहे, आता बदल म्हणजे ती पुन्हा वरपर्यंत जाणार.” त्यांची अडचण खरी होती, पण चुकीच्या दरपत्रकावर काम सुरू झाले असते तर ते निस्तरणे कोणाच्याच हातात राहिले नसते. म्हणून तोंडी चर्चेवर न थांबता प्रत्येक अटीचा क्रमांक, तिच्यातील अडचण आणि सुचवलेला पर्याय असा तक्ता करून मी रीतसर पत्र दिले आणि त्याची पोच घेतली. त्यानंतर नस्ती विभागाकडून लेखा विभागाकडे, तिथून आयुक्तांच्या दालनाकडे आणि परत अशी फिरत राहिली. निविदेची मुदत वाढवावी लागली. अखेर शुद्धिपत्रक निघाले. यंत्रसामग्रीची अट गेली आणि दरपत्रकात क्षेत्रकाम, पडताळणी आणि विश्लेषणासह अहवाल अशा तीन स्वतंत्र बाबी आल्या. त्या तक्त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

निवड मात्र सर्वांत कमी दरावरच झाली. केंद्र शासनाच्या सल्लासेवा खरेदीच्या नियमपुस्तिकेत गुणवत्ता आणि खर्च या दोन्हींना भारांक देऊन निवड करण्याची पद्धत आहे. माझ्या मते अशा कामात तांत्रिक प्रस्तावाला किमान सत्तर टक्के भारांक असायलाच हवा.

एक सूचना आधीच द्यायला हवी होती : पोर्टलवरून उतरवून घेतलेल्या दरपत्रकाच्या एक्सेल फाइलचे नाव किंवा रचना बदलू नका, पोर्टल ती स्वीकारत नाही. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असल्यास बयाणा रकमेत, म्हणजे निविदेसोबत भरायच्या अनामत रकमेत, सूट मिळू शकते, पण ती त्या निविदेत मान्य आहे का हे वाचूनच प्रमाणपत्र जोडा. दर वस्तू व सेवा करासह द्यायचा की कर वगळून, आणि स्थानिक संस्थेला दिलेल्या शुद्ध सेवेची (जिच्यात वस्तूंचा पुरवठा नसतो) करमाफी या कामाला धरली जाणार का, हेही निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. कार्यपूर्तता प्रमाणपत्राची मागणी अंतिम देयकाबरोबरच करा. अधिकाऱ्यांची बदली झाली की नव्या अधिकाऱ्यांना जुन्या कामावर सही करणे अवघड वाटते, आणि पुढच्या निविदेत अनुभवाचा पुरावा म्हणून तोच कागद मागितला जातो.