दिवा विझला म्हणजे प्लग तापला असं नसतं

सकाळी साडेसहाला बाहेर आलो तर जीपच्या काचेवर आतूनसुद्धा बर्फ, दाराचं हँडल धरवत नव्हतं. रात्री उणे ९ पर्यंत उतरलं होतं, उंची ३,५०० मीटरच्या आसपास, आणि आमची जीप म्हणजे बावीस वर्षांची म्हातारी, साधं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन. आदल्या दिवशी चढ मस्त चढली होती त्यामुळे मी एकदम निवांत.

चावी फिरवली, डॅशवरचा हीटर प्लगचा (इंजिन सुरू करताना सिलिंडर आतून तापवणारा प्लग) पिवळा स्प्रिंगवाला दिवा लागला, विझला, सेल्फ मारला. घर्र... घर्र... आणि मागून पांढरा धूर, बस्स. परत मारला. परत धूर. चौथ्या-पाचव्या वेळी आवाज इतका रडका झाला की मित्र म्हणाला आता थांब, नाहीतर बॅटरीपण जाईल.

शेजारी रात्रीपासून एक ट्रक उभा होता, त्याचे ड्रायव्हरकाका मफलर गुंडाळून बराच वेळ आमची गंमत बघत होते. शेवटी आले आणि बॉनेटकडे न बघता सायलेन्सरकडे बघत म्हणाले, "धूर पांढरा आहे ना, मग डिझेल येतंय. जळत नाहीये. हीटर प्लग बघितलेस का?"

आता मला वाटत होतं डिझेलच गोठलंय. म्हणजे थंडीत डिझेलमध्ये मेण धरतं आणि ते फिल्टरमध्ये अडकतं हे खरंच आहे, म्हणून तर वर पोचल्यावर मुद्दाम तिथलं थंडीतलं डिझेल भरलं होतं. पण फिल्टर चोंदला असता तर एवढा धूरच आला नसता. तो धूर म्हणजे न जळालेलं डिझेल, वाफ होऊन बाहेर पडलेलं. हे मला माहीत होतं हो, वाचलेलं होतं, पण पहाटेच्या थंडीत डोकं पण गोठतं बहुतेक.

डिझेलला स्पार्क नसतो. पिस्टन हवा वीसेक पट दाबतो, हवा तापते आणि त्यात डिझेल पेटतं, एवढाच खेळ. थंडीत गार लोखंड ती उष्णता खाऊन टाकतं, ऑइल काकवीसारखं घट्ट झाल्यामुळे इंजिन हळू फिरतं, बॅटरी गारठलेली, वर उंचीमुळे दाबायला हवाच सपाटीच्या दोन तृतीयांश. म्हणून जुन्या इंजिनात सुरुवातीला आत लालबुंद होणारे ते प्लग लागतातच.

काकांच्या सांगण्यावरून प्लगवरची जोडपत्ती (चारही प्लगना एकत्र वीज देणारी पट्टी) काढली, टेस्ट लॅम्पची क्लिप बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला लावलं. पहिल्यावर लॅम्प पेटला, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर नाही, चौथ्यावर पेटला. चारातले दोन मेलेले! आणि कधीपासून कोण जाणे, कारण गरम हवेत गाडी दोन प्लगवर काय, बिनप्लगचीसुद्धा चालू होते बऱ्याचदा. डॅशवरचा दिवा आमच्या गाडीत नुसत्या टायमरवर चालतो, प्लग जिवंत आहेत का मेलेत हे त्याला काही कळत नाही. इतकी वर्षं मी त्या दिव्यावर विश्वास ठेवून होतो.

स्पेअर प्लग नव्हते. मग जुगाड. गरम पाण्यात (उकळत्या नाही, गार लोखंडाला तडा जायचा) फडकी बुडवून, पिळून इनटेकला (इंजिनात हवा जाते त्या नळीला) गुंडाळत राहिलो, वीसेक मिनिटं. ट्रकच्या बॅटरीला केबल लावून जम्प घ्यायचा तर ट्रक २४ व्होल्टचा, आपली जीप १२ ची. काकांनी ट्रकचं इंजिन बंद ठेवून त्यांच्या दोन बॅटऱ्यांपैकी फक्त अर्थवाल्या (मायनस ट्रकच्या बॉडीला जोडलेलं असतं त्या) एकीला केबल लावली, आणि वर दम दिला, "दोन्हीवरून घेतलंस तर तुझी वायरिंग जळेल, मग मला बोलू नकोस." मी इथर स्प्रेचं (थंड इंजिन पेटवायला हवेत मारायचा ज्वलनशील फवारा) नाव काढल्यावर तर असे बघितले की विषयच संपला. तापलेला प्लग आणि इथर म्हणजे आतल्या आत धमाका.

जोडपत्ती परत लावली, क्लच पूर्ण दाबला म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल तरी फिरवायला नको, अ‍ॅक्सिलरेटर अर्धा, प्लग लागोपाठ दोनदा तापवले आणि सेल्फ. आधी एकच सिलिंडर बोललं. मग दुसरं. सगळी जीप लंगड्या घोड्यासारखी थरथरत होती, मागे ढग, मी अ‍ॅक्सिलरेटर सोडायला घाबरत होतो. मिनिटभरात चारही लागली आणि धूर विरळ झाला. रेस करायचा मोह आवरला, पाचेक मिनिटं तशीच चालू ठेवली आणि मग निघालो.

प्लग खाली शहरात गेल्यावरच मिळणार होते आणि वर अजून दोन रात्री काढायच्या होत्या. त्या दोन्ही रात्री जीप तोंड पूर्वेला करून उतारावर लावली, चाकांना दगड दिले, आणि बॅटरी काढून खोलीत आणली. मित्र अजून ऐकवतो, जास्तीचं ब्लँकेट तू तिला दिलंस.