लिहून ठेवा, शेठ

लालबागला चाळीच्या तळमजल्यावर एका गाळ्यात आमचं किराणा दुकान होतं. फळीच्या आत बाबा आणि सगळा माल, बाहेर गिऱ्हाईक. बाबा तागडीतली डाळ कागदावर ओतायचे, पुडीची टोकं दुमडायचे आणि वर टांगलेल्या रिळाचा दोरा दोनदा गुंडाळून बोटाच्या झटक्याने तोडायचे. त्या दोऱ्याने त्यांच्या तर्जनीवर कायमची खाच पडली होती. पुडी हातात पडली की गिऱ्हाईक म्हणायचं, "लिहून ठेवा, शेठ." पगार झाला की हिशेब चुकता.

आमची खरी स्पर्धा होती अपना बाजारशी. नायगावच्या गिरणी कामगारांनी १९४८ साली स्वतःच काढलेलं हे सहकारी दुकान. अशा दुकानांचं मूळ इंग्लंडमधल्या रॉचडेलचं. तिथे १८४४ साली २८ जणांनी, त्यात कितीतरी विणकर, पीठ, लोणी, साखर आणि मेणबत्त्या विकायला घेतल्या. भेसळ नाही, माप पूर्ण, नफा सभासदांना खरेदीच्या प्रमाणात परत. आणि व्यवहार रोख, कारण उधारीपायी कामगार दुकानदाराच्या मुठीत जातो. दुकानदाराची मुलगी असूनही मला हे पटतं. मापात मारणारे दुकानदार गिरणगावातही होतेच.

तिथले भाव लिहून आणायला बाबा मला पाठवायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मांडणीवरचा साबण मी उचलला, त्याचा वास घेतला, परत ठेवला. कुणी काही बोललं नाही. आमच्या दुकानात साबण मागितल्याशिवाय फळीवर येत नसे. मोठ्या दुकानांचा विषय निघाला की लोक एसी आणि सरकत्या जिन्यांबद्दल बोलतात, मला मात्र तो साबण आठवतो. साखर तिथे स्वस्त निघाली की बाबाही काही पैसे उतरवायचे.

मग १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. खिशात दमडी नसताना स्वस्त साखरेचं कुणी काय करणार? रोखीने दुसरीकडे जाणारी माणसं पुन्हा आमच्या फळीशी उभी राहिली. बाबा लिहीत राहिले. दाणाबंदरच्या घाऊक व्यापाऱ्याकडे त्यांचीही उधारी होतीच. ती फेडायला त्या पावसाळ्यात आईच्या पाटल्या गेल्या. भावात बाबा कधीच जिंकले नसते. त्यांचं दुकान चालायचं ते वहीवर, आणि व्यापाराच्या इतिहासात या वहीला इमारतींइतकीच जागा मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

राधाकिशन दमाणींनी आधी नेरुळला अपना बाजारचीच शाखा चालवायला घेतली आणि मग २००२ साली पवईत पहिलं डी-मार्ट काढलं. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा, हे तिथल्या स्वस्ताईचं एक मोठं कारण. म्हणजे तिथेही गोष्ट उधारीचीच, फक्त उलट्या बाजूने. मीही महिन्याचं सामान तिथूनच भरते.

बाबांची संपाच्या वर्षाची वही माझ्याकडे आहे. लाल कापडाची बांधणी, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. काही खात्यांवर बेरीज करून खाली रेघ मारलेली आहे. बऱ्याच खात्यांवर रेघच नाही, तिथे बाबांच्या अक्षरात दोन शब्द आहेत: गावी गेले.